गार पाणी, मोजका शेजार

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला मासे खायला थांबणाऱ्यांना चिलापी ठाऊक असते. उजनीच्या पाण्यात ती भरपूर सापडते, काट्यांचा त्रास कमी, तळून किंवा रश्श्यात कशीही चालते. जगात तिला टिलापिया म्हणतात. मूळची आफ्रिकेची, आणि तिची एक जात भारतात आली ती 1952 साली. चिलापी काहीही खाते, कुठल्याही पाण्यात तगते, भराभर वाढते. त्यामुळे गरिबांना स्वस्त मासळी पुरवायची म्हटलं की विसाव्या शतकातल्या सरकारांना हाच मासा आठवायचा. मेक्सिकोतही तेच झालं. 1970-80च्या दशकांत मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत टिलापिया आणि कार्प जातीचे मासे सोडले गेले. हेतू चांगलाच होता. त्या पाण्यात ॲक्सोलॉटल नावाचा एक संथ, बिनकाट्याचा, बिनखवल्यांचा उभयचर प्राणी राहत होता, त्याचं काय होईल याचा विचार फारसा कुणी केला नाही.

आता हाच प्राणी आपल्याकडच्या मुलांच्या हट्टाचा विषय झाला आहे. 2021च्या जूनमध्ये माइनक्राफ्ट या खेळात ॲक्सोलॉटल आला आणि डोक्याभोवती गुलाबी तुरे असलेला तो हसरा चेहरा बॅगांवर, टी-शर्टांवर, वाढदिवसाच्या केकवर दिसू लागला. त्याच वर्षी मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नव्या नोटेवरही तो झळकला. माशांच्या दुकानांत तो ‘मेक्सिकन वॉकिंग फिश’ या नावाने विकला जातो. मासा तो नाहीच, पण गिऱ्हाईक माशांच्या टाकीशेजारीच उभं असतं, म्हणून चालून जातं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘याच्याबरोबर टाकीत आणखी काय सोडता येईल?’

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं, पण त्याआधी तो ज्या पाण्यातून आला ते पाणी बघायला हवं.

मेक्सिकोचं खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे 2240 मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी जवळजवळ सहाशे मीटर चढलं तर ती उंची येते. या खोऱ्यात एकेकाळी पाच तळी होती. त्यातलं तेश्कोकोचं पाणी मचूळ. दक्षिणेकडची सोचिमिल्को आणि चाल्को ही झऱ्यांवर पोसलेली गोड्या पाण्याची तळी. ॲक्सोलॉटल या दोन तळ्यांचा रहिवासी. तिथल्या शेतकऱ्यांनी तळाचा गाळ उपसून, कडेने विलोची झाडं लावून पाण्यातच शेतीचे लांबट तुकडे उभे केले. त्यांना चिनाम्पा म्हणतात. दोन चिनाम्पांच्या मधला कालवा म्हणजे सावली, पाणवनस्पती, मऊ गाळाचा तळ आणि जवळजवळ न वाहणारं गार पाणी. त्या पाण्यात ॲक्सोलॉटलला खाणारं फारसं कुणी नव्हतं. वरून बगळा आला तर तेवढाच. किडे, अळ्या, गोगलगायी, लहान मासे यांच्या साखळीच्या टोकाला तो स्वतःच बसलेला होता. पळायची गरज पडली नाही, त्यामुळे पळायचं कसब कधी अंगी आलं नाही.

तिथल्या अस्तेक लोकांच्या कथेत शोलोत्ल नावाचा देव आपला बळी जाऊ नये म्हणून पळत सुटतो. मक्याचं रोप होतो, घायपाताचं झाड होतो, शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल होतो आणि तिथेच पकडला जातो. पळण्याच्या बाबतीत कथाकारांचं निरीक्षण अचूक म्हणायला हवं.

पुढे चाल्को तळं शेतीसाठी कोरडं करण्यात आलं. सोचिमिल्कोचे झरे विसाव्या शतकाच्या आरंभी राजधानीच्या नळांकडे वळवले गेले आणि कालव्यांत शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडलं जाऊ लागलं. 1987 साली युनेस्कोने सोचिमिल्कोला जागतिक वारशात घेतलं, तेव्हा या पाण्याची अवस्था अशी होती. त्यात कार्प तळाचा गाळ उकरून पाणवनस्पती उपटत होते आणि त्या वनस्पतींना चिकटवलेली ॲक्सोलॉटलची अंडी फस्त करत होते. टिलापिया पिल्लांच्या मागे होती. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले परिस्थितिकीतज्ज्ञ लुईस साम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं इथे मोजणी करत आले आहेत. 1998 साली एका चौरस किलोमीटरमागे सुमारे 6000 ॲक्सोलॉटल होते. 2008 साली 100. 2014च्या मोजणीत 36.

म्हणजे चुकीचा शेजार काय करतो, याचा प्रयोग एका अख्ख्या तळ्यावर होऊन गेला आहे. घरच्या टाकीत तो पुन्हा करण्याची गरज नाही.

जगभरच्या टाक्यांतले ॲक्सोलॉटल मात्र लाखोंनी आहेत, आणि त्यांचा वंश बहुतांशी एका जहाजाच्या मालापर्यंत मागे नेता येतो. मेक्सिकोवर फ्रेंच फौजा चालून गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्या मोहिमेच्या ओघात 34 ॲक्सोलॉटल पॅरिसला पोचले आणि त्यातले सहा 1864च्या सुरुवातीला तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ओग्युस्त द्युमेरिल यांच्या हाती आले. त्याआधी संशोधक-प्रवासी हुम्बोल्ट यांनी आणलेले नमुने बघून प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी अंदाज बांधला होता की हे कुठल्यातरी सॅलमँडरचं पिल्लू असावं, कारण अंगाबाहेर कल्ले फक्त पिल्लांना असतात. द्युमेरिल यांच्या टाकीतल्या या ‘पिल्लांनी’ 1865 साली अंडी घातली. शास्त्रज्ञ चक्रावले. त्याच वर्षी त्या अंड्यांतून वाढलेल्या काहींचे कल्ले झडले, शेपटीची झालर गेली आणि ते जमिनीवर राहणारे सॅलमँडर झाले. तेव्हा आणखी चक्रावले. बेडकाच्या पिल्लाला प्रौढ करणारं थायरॉइडचं संप्रेरक ॲक्सोलॉटलमध्ये पुरेसं काम करत नाही, म्हणून तो पिल्लाच्या रूपातच वयात येतो, हा उलगडा व्हायला पुढचं शतक उजाडावं लागलं. टाकीत आयोडीनयुक्त मीठ वगैरे घालण्याचे प्रयोग करू नयेत, त्यामागचं एक कारण हेही आहे. बदल घडला तर बिचाऱ्याचं आयुष्य बहुधा घटतं.

द्युमेरिल यांनी पिल्लं उदारपणे वाटली. युरोपभरच्या प्रयोगशाळांत ती गेली, तिथून अमेरिकेत. त्या मूळच्या सहांत एक पांढरा नर होता. आज दुकानात दिसणारा काळ्या डोळ्यांचा गुलाबीसर ॲक्सोलॉटल त्याच पांढऱ्याचा वारसा सांगतो. लाल डोळ्यांच्या सोनेरी जातीची कथा वेगळी. 1962 साली अमेरिकेत रूफस हम्फ्री यांनी ॲक्सोलॉटलचा संकर टायगर सॅलमँडर या चुलत जातीशी केला आणि तिथून तो रंग आला. दीडशे वर्षांच्या या जवळच्या नात्यांतल्या पैदाशीमुळे आणि परक्या रक्तामुळे टाकीतला प्राणी उचलून सोचिमिल्कोत सोडला की काम झालं, असं होत नाही. तिकडे त्याची गरज आहे, पण हाच तिकडे चालत नाही.

आता टाकीकडे येऊ. पूर्ण वाढलेला ॲक्सोलॉटल 20 ते 30 सेंटिमीटर लांब असतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. तो तळावर चालणारा प्राणी आहे, त्यामुळे टाकीची उंची त्याच्या उपयोगाची नाही, लांबी-रुंदी हवी. एकट्यासाठी शंभर लिटरच्या पुढची, तीन फुटी टाकी घ्यावी. दुकानात याहून लहान टाकी दाखवतील, ती पिल्लाच्या मापाची असते आणि पिल्लू वर्षभरात ते माप ओलांडतं.

खरी कसोटी तापमानाची. ॲक्सोलॉटलला 16 ते 18 अंश सेल्सिअस पाणी मानवतं. वीसपर्यंत चालतं. बावीस-तेवीसच्या पुढे तो आतून खचू लागतो. थंड रक्ताच्या प्राण्याचा चयापचय पाण्याच्या तापमानाबरोबर वाढतो, म्हणजे प्राणवायू जास्त लागतो. आणि नेमका तोच गरम पाण्यात कमी विरघळतो. समुद्रसपाटीला 18 अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. शिवाय गरम पाण्यात बुरशी आणि जिवाणू फोफावतात, कल्ल्यांवर कापसासारखे पुंजके दिसायला लागतात, प्राणी खाणं सोडतो. मालक म्हणतो, काल तर ठीक होता. तो काल ठीक नव्हता, फक्त तो दाखवत नव्हता.

पुण्यात एप्रिलमध्ये बंद खोलीतलं पाणी सहज तिसाच्या घरात जातं. नागपूर, जळगावचं तर बोलायलाच नको. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने तीन-चार अंश उतरतात, कोरड्या हवेत थोडे जास्त, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कमी. तिसातून चार गेले तरी सव्वीस उरतात. बर्फाच्या बाटल्या टाकणारे आहेत. त्यात पाण्याचं तापमान दिवसभर खालीवर होत राहतं, आणि स्थिर बावीसपेक्षा सोळा-चोवीसचा हा झोका वाईट. उरतो तो कॉम्प्रेसरचा चिलर. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, त्यामुळे खोलीलाही हवा खेळती लागते. चिलरची किंमत टाकी, फिल्टर आणि प्राणी यांच्या एकत्र किमतीपेक्षा बहुधा जास्त निघते, आणि तो उन्हाळ्यात जवळजवळ अखंड चालतो. वीज गेली तर पुढचे काही तास कसे काढायचे, याचंही उत्तर आधीच तयार लागतं. माझं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या सपाटीवर चिलरशिवाय ॲक्सोलॉटल पाळणं ही हौस नसून क्रूरपणा आहे. आमचा तर पंख्यावर दोन वर्षं जगला, असं सांगणारे भेटतात. पंधरा वर्षं जगणाऱ्याने दोन वर्षं काढली, यात अभिमान कसला?

पाण्याची बाकीची प्रकृती त्या मानाने सोपी. किंचित जड, पीएच साडेसातच्या आसपास. बोअरचं पाणी बहुतेकदा जडच असतं, फार जड निघालं तर मिसळून घ्यावं. नळाच्या पाण्यातला क्लोरिन मात्र आधी मारायला हवा. याची त्वचा उघडी आणि कल्ले बाहेर, त्यामुळे पाण्यातलं विष थेट अंगात जातं. क्लोरिन घालवण्याच्या काही द्रावणांत कोरफडीचा अर्क असतो, तो उभयचरांना चालत नाही, म्हणून बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं.

टाकी आणली त्याच दिवशी प्राणी आणला, ही सर्वांत जास्त घडणारी चूक. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात घर करायला महिना-दीड महिना घेतात, गार पाण्यात आणखी जास्त. हौशी मंडळी याला टाकी ‘सायकल करणं’ म्हणतात. त्या काळात टाकी प्राण्याविना चालवायची, मोजून अमोनिया घालायचा आणि तपासणी-संचाने रोज पाहायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आत असं सलग दिसलं की टाकी तयार. घरच्यांना महिनाभर रिकाम्या पाण्याचं कौतुक समजावून सांगणं हा यातला सर्वांत अवघड भाग.

तळाला रंगीत खडे घालू नयेत. हा प्राणी तोंड झटक्यात उघडून समोरचं पाणी आत ओढतो आणि त्याबरोबर जे येईल ते गिळतो. खडा आत गेला की आतडं तुंबतं. एकतर तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी, तीही प्राणी पंधरा सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर. प्रवाह मंद हवा. कल्ल्यांचे तुरे पुढे वळलेले दिसले, शेपटीचं टोक वळलेलं दिसलं, की पाण्याचा जोर त्याला सोसत नाही असं समजावं. त्याला पापण्या नाहीत, म्हणून झगझगीत दिवेही नकोत. लपायला मातीचं आडवं मडकं, थोडी जावा फर्न, अनुबियास, हॉर्नवर्ट. एवढ्यात त्याचा संसार होतो. खायला गांडूळ उत्तम, प्रौढाला दोन-तीन दिवसांतून एकदा. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं मात्र तो कित्येकदा तोंडात घेऊन थुंकून टाकतो, कारण त्यांच्या अंगाला कडवट स्राव असतो.

आता शेजाऱ्यांचं. ‘गार पाण्यातला मासा’ म्हटलं की दुकानदार गोल्डफिश पुढे करतो. तापमानापुरतं ते जुळतंही. पण गोल्डफिश घाण फार करतो आणि त्याला पाण्यात हलणारं प्रत्येक तुऱ्यासारखं काही खाऊन बघायची सवय असते. ॲक्सोलॉटलचे कल्ले नेमके तसेच हलतात. उलट बाजूने लहान गोल्डफिश ॲक्सोलॉटलच्या पोटात गेला तरी बरं नाही. त्याच्या मांसात ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. गोल्डफिश हा कार्पच्याच कुळातला, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं.

काच साफ ठेवायला म्हणून सकर मासा सुचवला जातो. त्याला शेवाळापेक्षा ॲक्सोलॉटलच्या अंगावरचा बुळबुळीत थर आवडतो. रात्री तो चिकटून खरवडतो आणि सकाळी अंगावर चट्टे दिसतात. या माशाची ख्याती टाकीपुरती राहिलेली नाही. लोकांनी वाढलेले सकर नदीनाल्यांत सोडले आणि आज उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो खाण्यायोग्य माशांच्या जागी येतो आणि जाळी फाडतो. मेक्सिकोत इन्फिएर्निओ धरणातल्या मच्छीमारांचीही हीच तक्रार आहे. कोरिडोरास नावाचे लहान तळमासे दिसायला गरीब, पण त्यांच्या पंखांना ताठ काटे असतात. गिळला गेला की काटा घशात अडकतो आणि दोघेही मरतात. गप्पी, मॉली यांना पाणी कोमट लागतं. झेब्रा डॅनिओ आपल्याच उपखंडातला, चपळ, अठरा अंशांतही राहतो. गंमत म्हणजे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्याला ॲक्सोलॉटलइतकाच मान आहे. पण चावे घ्यायची खोड त्यालाही आहे.

त्यातल्या त्यात बसतो तो व्हाइट क्लाउड नावाचा चिनी मासा. ग्वांगझूजवळच्या बैयुन डोंगरातल्या ओढ्यांचा हा रहिवासी, दीड इंचाचा, बिनकाट्याचा, सोळा ते बावीस अंशांत खुशाल. कल्ल्यांकडे तो सहसा जात नाही. महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून, रोग नाही याची खात्री करून मगच त्यांचा थवा सोडावा. तरीही मासे रात्री सुस्तावतात आणि ॲक्सोलॉटल रात्रीच फिरतो, त्यामुळे थव्याची संख्या हळूहळू घटत जाते. ते मान्य असेल तर ठीक. लहान कोळंबी आणि बारीक गोगलगायी यांचंही तेच, त्यांना शेजारी म्हणण्यापेक्षा राखीव शिधा म्हणावं.

मग दुसरा ॲक्सोलॉटल? तो चालतो, पण अटींवर. पिल्लं एकमेकांचे पाय तोडून खातात. पाय पुन्हा उगवतात, या प्राण्याची कीर्ती त्यासाठीच आहे, पण म्हणून ते तुटू द्यावेत असं नाही. सारख्या आकाराचे, पुरेसे वाढलेले आणि एकाच लिंगाचे दोन असावेत. नर-मादी एकत्र आले तर मादी एका वेळी काही शे, कधी हजारापर्यंत अंडी घालते आणि नर तिला विश्रांती देत नाही. लिंग ओळखू यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. एकटा ॲक्सोलॉटल उदास होतो असं समजायला काही आधार नाही. कळपात राहणारा प्राणीच नाही तो. सोबत हवी असते ती टाकीबाहेर बसलेल्याला.

सोचिमिल्कोतल्या संशोधकांनीही शेवटी शेजार टाळण्याचाच मार्ग धरला. शेतकऱ्यांच्या मदतीने काही चिनाम्पांच्या कालव्यांच्या तोंडाशी दगड, वनस्पती आणि जाळ्यांचे अडसर घातले. पाणी गाळून आत येतं आणि कार्प-टिलापिया बाहेर राहतात. तळं वाचवायचं तर आधी शेजार कमी करायचा. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदिवासात वाढवलेले 18 ॲक्सोलॉटल माग काढणारी यंत्रं लावून अशा एका जागी आणि शहराच्या दक्षिणेला तयार केलेल्या एका पाणथळीत सोडले होते. ते जगले, शिकार करत राहिले, आणि जे पुन्हा हाती लागले त्यांचं वजन वाढलेलं होतं. हे प्राणी त्या कामासाठीच वाढवलेले होते, बाजारातले नव्हते.

भारतात ॲक्सोलॉटल पाळायचा तर कायदाही बघायला हवा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. 2022च्या सुधारणेने ही परिशिष्टं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली आणि 2024च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करायची आहे. तो दुसऱ्याला दिला, मेला किंवा त्याला पिल्लं झाली तरी कळवायचं. हजार अंड्यांच्या वेळी हे किती मजेशीर होईल याची कल्पना करावी. विक्रेता कागद देत नसेल तर तिथूनच परत फिरावं.

इतकं वाचूनही मन ठाम असेल तर घाई न करता एवढं करा. टाकी फेब्रुवारीत भरा, फिल्टर आणि चिलर लावून सायकल करा, तिच्यात फक्त पाणी आणि तापमापक ठेवा. मे महिना संपेपर्यंत रोज दुपारी तीन वाजता आकडा लिहून ठेवा. तो एकदाही वीसच्या वर गेला नाही, तरच जूनमध्ये प्राणी आणा, आणि एकच आणा.